खलिफांच्या तिजोरीचा हिशेब: राजारामपुरीतला शनिवारचा इतिहासवर्ग

आधी व्यवहाराचं. फी १,८०० रुपये. आठ शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, मध्ये चहा. जागा कोल्हापुरात राजारामपुरीत, एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. विषय ‘खिलाफत: मदिना ते बगदाद, इ.स. ६३२ ते १२५८’. शिकवणारे सर कॉलेजातून निवृत्त झालेत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण "माझी जाहिरात करू नका" असं त्यांनीच बजावलंय. राजारामपुरीत शनिवारचा इतिहासवाला वर्ग म्हणून विचारलंत की कुणीही बोट दाखवेल.

माझं मत विचाराल तर सर पैशाचं बोलतात तेव्हा हा वर्ग फीच्या दुप्पट मोलाचा आहे. ‘सुवर्णयुग’ म्हणून हात वर करतात तेव्हा शाळेतल्या निबंधाइतकाच. नशिबानं ते पैशाचं जास्त बोलतात.

मी गुजरीत चांदीच्या दुकानात गल्ल्यावर बसते. माहेर हुपरीचं, त्यामुळे मूस, टंच, घट, मजुरी हे शब्द अक्षरओळखीच्या आधी कानावर पडलेले. इतिहास म्हटला की आमच्या घरात पन्हाळा, ताराराणी आणि शाहू महाराज, तिथं विषय संपतो. या वर्गात नाव भाचीनं घातलं होतं. तिची परीक्षा मध्ये आली, फी परत मिळणार नव्हती, म्हणून तिच्या जागी मी गेले. दीर म्हणाले, "वहिनी, अरबस्तानातल्या राजांचं काय करायचंय तुम्हाला?" पहिल्या शनिवारी माझ्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं.

पहिलं सत्र सरांनी लढायांनी सुरू केलं नाही. त्यांनी सुरुवात केली वहीनं. पैगंबर ६३२ मध्ये गेले. त्यांच्यामागून कारभार बघणारा वारस तो खलिफा. आधी अबू बकर, मग उमर. उमरच्या काळात इराक, सीरिया, इजिप्त हातात आलं आणि एवढा पैसा यायला लागला की वाटायचा कसा हा प्रश्न पडला. मग त्यांनी दिवाण घातला, म्हणजे नावनिशीवार खातेवही. इस्लाम कुणी किती आधी स्वीकारला त्यावर वार्षिक तनखा ठरला. बद्रच्या, म्हणजे पैगंबरांच्या पहिल्या मोठ्या लढाईत जे होते त्यांना ५,००० दिरहम, मागून आलेल्यांना कमी कमी. सर म्हणाले, "पुढच्या सहाशे वर्षांत जे जे बिघडलं ते याच वहीवरून बिघडलं. वहीत नाव कुणाचं, रक्कम किती, आणि पैसा वेळेवर येतोय का." मी तिथंच पेन काढलं.

अलींचा काळ, मुआविया, दमास्कसला उमय्या घराणं, करबला, हे सगळं दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासात उरकलं. करबलावर थोडं अजून थांबायला हवं होतं. आपल्याकडे मोहरमात बाबूजमालच्या तालमीत पंजे बघायला सगळी पोरंटोरं जातात, आम्हीही गेलो. पैगंबरांचे नातू हुसेन कोण, ६८० साली करबलाला फुरात (युफ्रेटिस) नदीच्या काठाशी पाण्यावाचून त्यांना का वेढलं, वेढणारा उमय्या खलिफा यझीद कोण, हे वर्गातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. शेवटी ते सरांपेक्षा जास्त चांगलं सांगितलं आमच्यातल्याच चाचांनी. चाचा सदर बाजारात राहतात, उर्दूचे निवृत्त शिक्षक. सरांनी त्यांना मध्ये अडवलं नाही, खुर्ची ओढून स्वतः ऐकत बसले. माणूस चांगला आहे, याची ती खूण मी धरली.

दुसऱ्या तासाला नाणी निघाली आणि माझं चित्त ठिकाणावर आलं.

अरबांकडे सुरुवातीला स्वतःचं नाणं नव्हतं. पश्चिमेला रूमचं, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचं सोन्याचं नाणं चालायचं, साधारण साडेचार ग्रॅमचं, त्यावर बादशहाचा चेहरा आणि क्रूस. पूर्वेला इराणच्या सासानी राजांचा चांदीचा द्रम्म, चार ग्रॅमच्या आसपास, त्यावर मुकुटवाला राजा आणि मागे अग्निवेदी. जिंकल्यावरही पन्नासेक वर्षं तीच नाणी, कडेला एखादा अरबी शब्द ठोकून, चालवली. मग अब्द अल-मलिक नावाचा खलिफा आला, ६८५ ते ७०५. त्यानं ६९६-९७ मध्ये चेहरे, क्रूस, आग सगळं काढून टाकलं आणि फक्त अक्षरांचं नाणं पाडलं. सोन्याचा दिनार ४.२५ ग्रॅम. पाठोपाठ चांदीचा दिरहम, २.९७ ग्रॅम. सात दिनारांचं वजन दहा दिरहमांएवढं.

मी गणित करून बघितलं, जुळतं. सात गुणिले ४.२५ म्हणजे २९.७५, दहा गुणिले २.९७ म्हणजे २९.७. तेराशे वर्षांपूर्वी कुठल्या काट्यावर हे बसवलं असेल! आणि सोन्याचा कस ९६ ते ९८ टक्के. आजही गिऱ्हाईक मोड घेऊन येतं तेव्हा निम्म्या वेळा कसावरून वाद होतो.

चाचांनी पडद्यावरच्या दिनारावरची अक्षरं वाचून दाखवली. मध्ये "ला इलाह इल्लल्लाह, वहदहू ला शरीक लहू", कडेनं साल. दिरहमावर सालाबरोबर टाकसाळीच्या गावाचं नावही असतं. म्हणजे नाणं हातात आलं की ते कुठं आणि कधी पाडलं हे कळतं. त्याच खलिफाच्या काळात सीरियातले महसुलाचे दप्तर ग्रीकमधून आणि इराकमधले फारसीतून अरबीत आणले. जुन्या कारकुनांची मक्तेदारी गेली. सरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. माझ्या मते त्यानंच बांधलेल्या जेरुसलेमच्या घुमटापेक्षा हे मोठं काम, पण घुमटाचे फोटो छान दिसतात, त्याला वीस मिनिटं दिली.

आता तक्रार. सरांनी छापील टिपणं दिली ती झेरॉक्सची झेरॉक्स. नाण्यांच्या जागी काळे गोल. पडद्यावर जे दिसतं ते घरी नेता येत नाही. १,८०० रुपये घेता तर आठ पानं रंगीत काढायला काय जातंय? मी बोलले, तर सर म्हणाले, "ताई, पुढच्या तुकडीला बघू." गिऱ्हाइकाला आम्ही असं उत्तर देत नाही.

तिसरं सत्र अब्बासींचं, म्हणजे उमय्यांना हटवून आलेल्या खलिफा घराण्याचं. इराणच्या ईशान्येकडल्या खुरासानातून काळे झेंडे घेऊन अबू मुस्लिम निघाला, ७५० मध्ये झाब नदीवर उमय्यांचा पराभव झाला, त्या घराण्याचा एक तरुण अब्द अल-रहमान निसटून थेट स्पेनला पोचला आणि ७५६ मध्ये कॉर्दोबात राज्य मांडून बसला. कथा म्हणून जबरदस्त, सरांनी रंगवलीही चांगली. पण माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदी आहेत त्या मन्सूरच्या.

मन्सूर, ७५४ ते ७७५. यानं बगदाद वसवलं. ७६२ च्या जुलैअखेर, ज्योतिषांकडून मुहूर्त काढून. गोल शहर, चार दरवाजे: कुफा, बसरा, खुरासान आणि शाम (सीरिया). मध्यभागी वाडा आणि मशीद. आणि हा गडी इतका हिशेबी की लोकांनी त्याला नाव ठेवलं अबुद्दवानिक. दानिक म्हणजे दिरहमाचा सहावा भाग, अर्ध्या ग्रॅमच्या आत चांदी. बांधकाम संपल्यावर त्यानं एकेका सरदाराकडून त्याच्या भागाचा हिशेब घेतला. एकाकडे १५ दिरहम निघाले, तर ते भरेपर्यंत त्याला कोठडीत घातलं, अशी नोंद आहे. वर्ग हसला. मी नाही हसले. पंचेचाळीस ग्रॅम चांदीची घट आली तर आमच्याकडेही कारागिराला बसवून विचारतातच, कोठडी तेवढी नाही.

सरांचं म्हणणं असं की मन्सूरच्या कंजुषीवरच त्याचा नातू हारून अल-रशीद याचा थाट उभा राहिला. ते मला पटलं. पुढची पिढी खर्च करते ती मागचीनं दाबून ठेवलेलं.

मन्सूरचा दिनार किती लांब चालत होता याचा एक पुरावा सरांनी दाखवला आणि तो या सगळ्या वर्गातला माझा सगळ्यात आवडता फोटो. इंग्लंडातला ऑफा नावाचा राजा होता, मर्शिया प्रांताचा. त्यानं स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं ते मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनारावरून उतरवून. कलमा तसाच, अरबी साल तसंच, फक्त मध्ये ‘ऑफा रेक्स’ (राजा ऑफा) असं स्वतःचं नाव घातलं, तेही अरबी ओळींच्या उलट्या बाजूनं. कारागिराला काय वाचतोय ते कळत नव्हतं, हे उघड आहे. त्यानं नक्षी म्हणून उतरवलं. ते नाणं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि चांदीचं तर त्याहून पुढं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ मध्ये एका शेतात ६७ किलो चांदी सापडली, त्यात १४,००० हून जास्त नाणी, बहुतेक सगळे दिरहम. उत्तरेकडचे लोक कातडी आणि गुलाम विकून ती घेऊन जायचे. तिकडे नाण्यावर काय लिहिलंय याला किंमत नव्हती, छिन्नीनं तुकडे करून वजनावर व्यवहार चालायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चौथं सत्र हारून आणि बरामिकांचं. बरामिक घराणं मूळचं आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचं, तिथल्या नवबहार या बौद्ध विहाराचे पिढीजात प्रमुख. मुसलमान झाले आणि बगदादमध्ये वजीर झाले. याह्या बरामिकानं सुश्रुताचा ग्रंथ अरबीत करवून घेतला. आणि ८०३ मध्ये एका रात्रीत हारूननं हे घराणं संपवलं, याह्याचा मुलगा जाफर याचं डोकं उडवलं, बाकीचे तुरुंगात, मालमत्ता जप्त. कारण काय यावर सर चांगले बोलले. हारूनच्या बहिणीची आणि जाफरची प्रेमकथा वगैरे लोकांना आवडते म्हणून सांगितली आणि लगेच बाजूला ठेवली. खरी गोष्ट अशी की खजिना, नेमणुका, पत्रव्यवहार सगळं त्यांच्या हातात गेलं होतं. मालकाला स्वतःच्या दुकानात पैसे मागायला मुनीमाकडे जावं लागत असेल तर ते किती दिवस चालणार?

मग आलं पाचवं सत्र, आणि माझा या वर्गावरचा मुख्य राग तिथंच आहे. विषय ‘ज्ञानाचं सुवर्णयुग’. त्या दिवशी खोली भरलेली होती, लोकांनी पाहुणे आणलेले. सरांनी तासभर आपल्या शून्याची गोष्ट सांगितली. सिंधहून शिष्टमंडळ बगदादला गेलं, ब्रह्मगुप्ताचं ज्योतिष अरबीत आलं, बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी यानं हिंदी आकड्यांवर पुस्तक लिहिलं. सगळं खरंच आहे. पण प्रत्येक वाक्याला टाळ्या, आणि टाळ्या पडल्या की सर अजून फुगायचे. ‘बैत अल-हिक्मा’, म्हणजे बगदादचं ‘ज्ञानाचं घर’, तर असं रंगवलं की जणू शिवाजी विद्यापीठच, आत शेकडो विद्वान, वेगवेगळे विभाग. टिपणाच्या तळाशी मात्र त्यांनीच बारीक अक्षरात लिहिलंय की जुन्या साधनांत तिचा उल्लेख मुख्यतः राजवाड्यातला ग्रंथसंग्रह म्हणून येतो, आणि बाकीच्या चित्राबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मग ते तोंडानं का नाही सांगायचं?

चहाच्या वेळी मी विचारलं, "सर, या अनुवादकांना पैसे कोण देत होतं?" सर एकदम खुलले. म्हणाले, खलिफा देत होतेच, पण खासगी आश्रयदाते खूप होते. मूसाचे तीन मुलगे, बनू मूसा, स्वतः गणिती आणि यंत्रं बनवणारे, ते अनुवादकांवर महिन्याला ५०० दिनार खर्च करायचे. त्यांच्या पदरी हुनैन इब्न इसहाक होता, हिरा गावचा ख्रिस्ती वैद्य, त्यानं ग्रीक वैद्य गॅलनचे वैद्यकग्रंथ अनुवादून आणले. एकाच ग्रंथाच्या तीनचार प्रती जमवून, ताडून, मगच अनुवाद करायचा. ५०० दिनार म्हणजे दोन किलोच्या वर सोनं, दर महिन्याला, आणि ते देणारे राजे नव्हते! ही गोष्ट व्यासपीठावरून सांगायची सोडून चहाच्या टपरीसारखी उभ्या उभ्या सांगितली. जे जिन्यात सिगारेट ओढायला गेले होते त्यांना ती मिळालीच नाही.

सहाव्या सत्रानं भरपाई केली. तिथून उतरण सुरू होते आणि सर उतरणीचे मास्तर आहेत.

हारूनच्या पोरांत भांडण, अमीन आणि मामून, ८११ पासून. वर्षभर बगदादला वेढा, गोल शहराची पडझड. मामून जिंकला. त्याचा भाऊ मुअतसिम ८३३ ला आला, त्यानं अरब आणि खुरासानी फौजेवर भरवसा न ठेवता मध्य आशियातून तुर्क गुलाम विकत घेऊन फौज बांधली. बगदादच्या लोकांशी त्यांचं जमेना, म्हणून ८३६ मध्ये उत्तरेला समरा नावाचं नवं शहर उभारलं. सर म्हणाले, "या फौजेला ना जमीन, ना गाव, ना नातेवाईक. त्यांच्याकडे फक्त पगार. पगार थांबला की काय होईल?" ८६१ मध्ये मुतवक्किल खलिफाला त्याच्याच रक्षकांनी मारलं आणि पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले.

त्यातल्या मुअतझची गोष्ट ऐकताना वर्गात कुणी हललं नाही. सैनिक थकलेला पगार मागत दारात आले, ५०,००० दिनार द्या म्हणाले. मुअतझनं आईकडे निरोप धाडला. ती म्हणाली, माझ्याकडे नाहीत. पोराला ओढून बाहेर काढलं, उन्हात उभं केलं, पदत्याग करायला लावला, आणि पुढं कोंडून अन्नपाण्यावाचून मारलं. नंतर आईचा दडवलेला खजिना सापडला तो मागणीच्या कितीतरी पट. ५०,००० दिनार म्हणजे २१२ किलो सोनं. आमच्या ओळीतली एक बाई कुजबुजली, "आई असून?" चाचा म्हणाले, "बेटी, सोनं बाळगणाऱ्याला ते कधी पुरेसं वाटतच नाही." सरांनी मात्र सांगितलं की ही कथा लिहिणारे दरबारी होते, आणि बायकांवर दोष ढकलणं त्यांना सोपं जायचं. हे बरं केलं.

त्याच सत्रात झंजांचं बंड. ८६९ ते ८८३, चौदा वर्षं. बसऱ्याच्या दलदलीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम कामाला लावले होते. काम काय, तर जमिनीवर चढलेला खाराचा थर खरवडून काढायचा. इथं शिरोळचे एक काका उठले. उसाची शेती, निम्मी क्षारपड झालेली. ते म्हणाले, "सर, तो थर खोऱ्यानं निघत नाही. निघाला तरी पुढच्या वर्षी परत येतोय. त्या पोरांचं काय हाल झालं असतील!" पुस्तकातलं वाक्य एकदम पायाखालच्या जमिनीवर आलं. पाणी जास्त, निचरा नाही, मीठ वर. इराकचा सवाद, म्हणजे तैग्रिस आणि फुरातमधला काळा सुपीक पट्टा, हीच खलिफांची खरी टाकसाळ होती. ९३७ मध्ये दोन सरदारांच्या भांडणात एकानं शत्रूला अडवायला नहरवान कालव्याचा बांध फोडला. दोनशे किलोमीटरहून लांब कालवा, त्यावर जगणारी गावं उजाड झाली. काका बराच वेळ डोकं हलवत होते.

आता चांदीचं झाड. मी फक्त एवढ्यासाठी पुन्हा फी भरेन.

९०८ मध्ये मुक्तदिर तेरा वर्षांचा असताना गादीवर आला. कारभार त्याची आई शगब आणि वजीर बघायचे. ९१७ मध्ये रूमच्या बादशहाचे दोन वकील तहासाठी बगदादला आले. त्यांना दोन महिने थांबवून ठेवलं, तोवर वाडा सजवला. ३८,००० पडदे टांगले. आणि एका दालनात त्यांना झाड दाखवलं. गोल तळं, स्वच्छ पाणी, मधोमध चांदीचं झाड. अठरा फांद्या, त्यांना डहाळ्या, त्यावर सोन्याचांदीचे पक्षी. वारा आला की पानं हलायची आणि पक्षी शीळ घालायचे. तळ्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा घोडेस्वारांचे पुतळे, हातात भाले. झाडाचं वजन, इतिहासकार अल-खतीब अल-बगदादीनं लिहून ठेवलंय, पाच लाख दिरहम.

वर्गात सगळे फांद्या आणि पक्षी ऐकत होते. मी मोबाईलवर गुणाकार केला. पाच लाख गुणिले २.९७, म्हणजे १,४८५ किलो. दीड टन चांदी! शंभर ग्रॅमचा पैंजणजोड धरला तर जवळजवळ १५,००० जोड होतात. मी हे मोठ्यानं बोलले आणि सर म्हणाले, "ताई, पुढं येऊन फळ्यावर लिहा." लिहिलं. मग त्यांनी विचारलं, हे बनवायला काय लागेल? मी सांगितलं: एवढी चांदी एकदम आटवता येत नाही, भाग भाग ओतून जोडावं लागणार, डाग देणारा, म्हणजे सांधे जोडणारा कारागीर पक्का हवा, पोकळ फांदीतून हवा जायची तर पक्ष्यांच्या पोटात नळी हवी, आणि एवढ्या कामात घट किती धरणार? हुपरीत घराघरात कामं वाटतात तसं वाटूनच झालं असणार, असा माझा अंदाज. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक पोरगा म्हणाला, "काकू, हे परीक्षेला येत नाही." नसू दे.

याच्या पुढच्याच वर्षाचा, ९१८-१९ चा ताळेबंद शिल्लक आहे. अली इब्न ईसा नावाचा वजीर, काटकसरीचा माणूस, त्यानं मांडलेला. जमा सुमारे १ कोटी ४५ लाख दिनार. खर्च त्याहून जास्त. वाड्यात दीड टन चांदीचं झाड शीळ घालतंय आणि कीर्दीत तूट. सरांनी ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आणि काही न बोलता पाणी प्यायले. ९३२ मध्ये मुक्तदिर स्वतःच्याच सेनापतीच्या फौजेशी लढताना मारला गेला.

सातवं सत्र बुवैही आणि सेल्जुकांचं, म्हणजे बगदादवर हुकूम चालवणाऱ्या इराणी आणि मग तुर्क घराण्यांचं. ९४५ नंतर खलिफा नावाचा, तलवार दुसऱ्याची. पगाराला रोकड नाही म्हणून सैनिकांना गावांचा महसूलच तोडून दिला, त्याला इक्ता म्हणत. सैनिक दोन वर्षं गाव पिळणार, मग बदली मागणार, पाट कोण दुरुस्त करणार? इथं वर्ग पेटला, कारण हा विषय कोल्हापूरकरांच्या घरातला. शिवाजी महाराजांनी सरंजाम न देता रोख पगारावर भर का दिला, आणि राजाराम महाराजांच्या काळात सरंजाम परत कसे आले, यावर अर्धा तास गेला. सरांनी सेल्जुक त्यामुळे दहा मिनिटांत संपवले. माझी हरकत नाही.

त्यातच त्यांनी आपल्याकडची बाजू घेतली. ८५१ च्या एका अरबी प्रवासवृत्तात जगातले चार थोर राजे सांगितलेत: बगदादचा खलिफा, चीनचा, रूमचा आणि बल्हारा. बल्हारा म्हणजे मान्यखेटचे राष्ट्रकूट, ज्यांचं राज्य आपल्या या मुलखावर होतं. त्यांच्या दिरहमाचं वजन अरबी नाण्याच्या दीडपट, हेही त्यात लिहिलंय. अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला येऊन गेला, तिथं मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती बघितली. आणि पालघरच्या चिंचणीत सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटात तर राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, दिलेला. हे सत्र खरं तर पहिलं असायला हवं. दिरांना द्यायचं उत्तर मला तिथं मिळालं.

आठवं सत्र १२५८ चं. मंगोल सरदार हुलागूनं जानेवारीत बगदाद वेढलं, १० फेब्रुवारीला खलिफा मुस्तअसिम शरण आला. लूट, कत्तल. मृतांचे जे मोठमोठे आकडे सांगितले जातात ते सरांनी फळ्यावर लिहिलेच नाहीत. त्याऐवजी त्यांनी ताटाची गोष्ट सांगितली, जी हुलागूच्या बरोबर असलेल्या नसीरुद्दीन तूसी या विद्वानाच्या नावावर आहे. हुलागूनं खलिफापुढं सोन्याचं ताट ठेवलं आणि म्हणाला, खा. खलिफा म्हणाला, सोनं खाता येत नाही. मग ठेवलंस कशाला, हुलागू म्हणाला, सैनिकांना का दिलं नाहीस? पुढं खलिफाला गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली मारलं, असं बहुतेक साधनं सांगतात. मार्को पोलोकडे तीच गोष्ट खजिन्याच्या मनोऱ्यात कोंडून उपाशी मारल्याची होते. अब्बासींचा एक वंशज १२६१ पासून कैरोत ममलुकांच्या, म्हणजे इजिप्तच्या सुलतानांच्या आश्रयाला नावापुरता खलिफा होता, ते १५१७ पर्यंत चाललं.

शंका विचारायला वेळ राहिला नाही, कारण कुणीतरी सरांच्या सत्काराचा नारळ आणि शाल आणली होती. तो अर्धा तास मला प्रश्नोत्तरांचा हवा होता.

तर कुणी जावं? धंद्यातल्या, हिशेबाशी संबंध असलेल्या माणसानं जरूर. शेतीवाल्यांनी जावं. परीक्षेच्या पोरांनी वेळ घालवू नये, त्यांना हवे तसे मुद्दे इथं मिळत नाहीत. ज्यांना फक्त तलवारी हव्यात त्यांचीही निराशा होईल. गुडघे दुखत असतील तर जिना अरुंद आहे, मधल्या वळणावर दिवा नाही. चहा बरा, साखर जास्त. गाडी खाली लावायला जागा मिळत नाही, शनिवारी तर नाहीच.

पुढची तुकडी दिवाळीनंतर, विषय फातिमी घराण्याचं कैरो आणि कॉर्दोबा, फी २,००० करणार म्हणतात. मी सरांना निरोप दिलाय, नाण्यांची पानं रंगीत देणार असाल तर माझं आणि भाचीचं अशी दोन नावं धरा. तुम्हाला घालायचं असेल तर लवकर घाला. खोलीत पस्तीसच खुर्च्या आहेत, आणि खिडकीकडच्या दोन डुगडुगतात.